गावचे घर, उतारवय आणि दुरुस्तीचा क्रम

कोकणातील एखाद्या गावात गणपती आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडून इतर दिवसांत गेले, तर वाटेत कितीतरी कुलूपबंद घरे लागतात. जांभ्या चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि अंगण, मागे परसू आणि विहीर. घरातली माणसे मुंबईला, पुण्याला किंवा त्याहूनही दूर. निवृत्तीनंतर यांतील अनेकांना गावाची ओढ लागते. घर दुरुस्त करावे, परसात चार रोपे लावावीत, उरलेले दिवस मोकळ्या हवेत काढावेत, असे त्यांना वाटते. मुलांच्या मनात त्याच वेळी धास्ती असते. या वयात, दवाखान्यापासून इतक्या दूर, पाय घसरला तर काय? रात्री छातीत दुखले तर कोण धावेल?

दोघांचेही म्हणणे खरे असते. म्हणूनच ‘जायचे की नाही’ या एकाच प्रश्नावर वाद घालत बसण्यापेक्षा आणखी एक प्रश्न विचारावा: घर कोणत्या शरीरासाठी दुरुस्त करायचे आहे? जुने घर तरुण पायांसाठी बांधलेले होते. उंच जोते, उंच उंबरठे, अंधारे माजघर, परसातले शौचालय आणि ओढून काढायचे विहिरीचे पाणी, या कशाचीही त्या काळी अडचण नव्हती. आज तेच घर जसेच्या तसे उभे केले, तर ते आठवणींना शोभेल. पण पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना झेपणार नाही. घराची डागडुजी आजच्या शरीराच्या मापाने आणि बाग आजच्या ताकदीच्या मापाने केली, तरच गावचे वास्तव्य ज्येष्ठांना मानवते.

आधी छप्पर, पण स्वतः चढू नये

बंद घर खचते ते बहुधा पाण्यामुळे. कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माकडांच्या उड्यांनी किंवा वाऱ्याने दोन कौले सरकली, की पाणी वाश्यांवर आणि रिपांवर ठिबकू लागते. ओल्या लाकडाला वाळवी लागते, मातीची भिंत पोटातून भिजते आणि काही पावसाळ्यांत ती बसते. म्हणून शाकारणी, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचण्याचे काम, एप्रिल-मे महिन्यांतच उरकावे लागते.

हे काम जाणत्या माणसाचे आहे. ‘दोनच कौले तर सरकवायची आहेत’ म्हणून ज्येष्ठांनी शिडीवर पाऊल ठेवू नये. मान वर करून हात उंचावल्यावर अनेकांना भोवळ येते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास अधिकच. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर ते जुळल्यावरही पूर्वीचे स्वावलंबन अनेकांना परत मिळत नाही. खाली खुर्ची टाकून काम करवून घेणे हेही कामच आहे.

शाकारणीच्या वेळीच एक लहानसा बदल करून घ्यावा. माजघरावर, स्वयंपाकघरावर आणि न्हाणीघरावर काचेची कौले बसवावीत. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, बाहुली आक्रसते, आणि त्याच खोलीत तरुणाला पुरणारा उजेड वृद्धाला पुरत नाही. दिवसाढवळ्याही अंधारलेल्या माजघरात उंबरठ्याला ठेच लागते ती यामुळेच. दोन काचेची कौले हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे.

छपरापाठोपाठ वीज. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरातील तारा उंदरांनी कुरतडलेल्या असतात. सर्व जोडण्या परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्याव्यात, अर्थिंग नव्याने करावे आणि ३० मिलिअँपिअर क्षमतेचे, गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवावे. ओल्या हातांनी पंपाची कळ दाबणाऱ्या घरात ते जीव वाचवते. पलंगावरून हात पोहोचेल अशा ठिकाणी एक दिव्याचे बटण असावे, आणि पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहावा.

न्हाणीघर आणि पायऱ्या

जुन्या घरांत शौचालय परसात, कधी कधी पंचवीस-तीस पावलांवर असते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. पावसात, अंधारात, शेवाळलेल्या चिऱ्यावरून केलेली ही फेरी संपूर्ण घरातील सर्वांत धोक्याची वाट असते. म्हणून रंगकाम, फर्निचर, झोपाळा या सगळ्यांच्या आधी शौचालय घराला लागून घ्यावे. मात्र शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या बाजूला असावा.

आत काय असावे, याची मापे गवंड्याला आधीच लिहून द्यावीत. कमोडची बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावी. दार ९० सेंटिमीटर रुंद ठेवावे. उद्या वॉकर किंवा चाकांची खुर्ची लागली तर भिंत फोडावी लागणार नाही. दार बाहेरच्या बाजूस उघडावे. आतला माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीला पकडदांडी हवी. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही. त्या जागी काँक्रीटचा ठोकळा बसवून त्यात दांडी पक्की करावी आणि एका सशक्त माणसाने तिला पूर्ण भार देऊन ओढून पाहावी. निखळणारी दांडी ही दांडी नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विसंबतो.

जमिनीसाठी चकचकीत लाद्यांचा मोह टाळावा. ओल्या पायांना खरबरीत कोबा किंवा पॉलिश न केलेली फरशी बरी. उंबरठे काढता येत असतील तर काढावेत; घरातल्या थोरांना ते पटत नसेल, तर मुख्य दाराचा तेवढा ठेवून त्यावर पिवळा पट्टा ओढावा आणि बाजूला धरायला दांडी लावावी. जोत्याच्या पायऱ्यांची उंची १५ आणि रुंदी ३० सेंटिमीटर असली, की गुडघ्यांना चढण जाणवत नाही. उतरण बांधायची झाल्यास दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. पागोळ्या पडतात ती पट्टी पावसाळाभर शेवाळलेली राहते. तेथे पायवाट ठेवू नये, आणि ठेवणे भागच असेल तर पन्हळ लावून पाणी बाजूला काढावे.

मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्याची घाई अनेकजण करतात. सिमेंट भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. वर्षा-दोन वर्षांत गिलाव्याला फुगे येतात, बुरशी चढते आणि दम्याच्या रुग्णाला खोकल्याची उबळ सुरू होते. अशा भिंतींना चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी मानवते. ती दरवर्षी द्यावी लागते. पण भिंत कोरडी राहते.

साफसफाईच्या आठवड्यातले धोके

कुलूप उघडल्यावरचा पहिला आठवडा सर्वांत उत्साहाचा आणि सर्वांत जपण्याचा. साठलेली धूळ, उंदरांच्या लेंड्या, वटवाघळांची विष्ठा कोरड्या केरसुणीने झाडली, की सगळे कण हवेत उडून श्वासात जातात. आधी पाणी शिंपडावे, खिडक्या-दारे तासभर उघडी ठेवावीत, नाका-तोंडावर चांगला मास्क बांधावा आणि मगच झाडावे. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी त्या आठवड्यात तेथे न राहणेच इष्ट.

गोठ्यावर किंवा मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. पत्रा शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. काढायचाच झाला तर तो ओला करून, न फोडता, अखंड उतरवावा. करवतीने कापू नये. जुन्या दारे-खिडक्यांचा तेलरंगही कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि त्याची पूड सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना अधिक बाधते.

गंजलेला खिळा, कुदळीचा घाव, शेणखत यांतून धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरू शकतात. लहानपणी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही. गावी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची वर्धक मात्रा घ्यावी; ती दर दहा वर्षांनी घ्यायची असते.

कंबरेच्या उंचीची बाग

घर राहण्याजोगे झाले, की परसाकडे वळावे. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व स्नायूंना बळ देणारा सराव सुचवला आहे. व्यायामशाळेत न जाणारी माणसे बागेत हे पुष्कळसे आपोआप करतात. चालणे, वळणे, हात लांबवणे, खुरपे धरण्याची पकड, असे सगळे त्यात येते. शिवाय व्यायामाला रोज एक कारण मिळते. पाणी न मिळालेले रोप संध्याकाळी माना टाकते. आपण आजही कोणाला तरी हवे आहोत, हे इतक्या थेटपणे सांगणारे शहरातल्या बंद खोलीत फारसे काही नसते.

अडचण असते ती वाकण्याची. उकिडवे बसून तासभर निंदणी केल्यावर एकदम उठले, की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बागच वर आणावी. चिऱ्यांचे तीन-चार थर रचून दोन ते अडीच फूट उंचीचे वाफे बांधावेत. एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी पोहोचणार असेल तर चार फूट. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचा थर, वर पातेरा, शेणखत आणि माती. दोन वाफ्यांमध्ये किमान तीन फुटांची सपाट, खरबरीत वाट आणि कडेला बसण्यापुरता चिऱ्याचा कट्टा. हा कट्टा नारळाखाली बांधू नये. वरून नारळ आणि सुकलेली झावळी केव्हा पडेल याचा नेम नसतो.

पाण्याची दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोची असते, आणि ठिसूळ झालेल्या मणक्याला तेवढे ओझे पुरते. अर्धी भरलेली झारी घ्यावी, किंवा विहिरीवरील पंपाला जोडून ठिबकची नळी वाफ्यांपर्यंत न्यावी. विहिरीला कठडा आणि लोखंडी जाळी असावी. आळी खणणे, खताची घमेली उचलणे, झाडावर चढणे ही कामे मजुरीने करवून घ्यावीत; बी टोकणे, रोपे लावणे, वेल मांडवावर चढवणे, तोडणी करणे ही स्वतःसाठी ठेवावीत.

काय लावावे, हे ठरवताना फळ किती दिवसांनी हाती येते याचाही विचार करावा. लाल माठ महिन्याभरात ताटात येतो. भेंडी, चवळी, पडवळ, दोडकी यांना दोन महिन्यांच्या आसपास लागतात. पपई वर्षभराच्या आत, केळीचा घड वर्षभराने. आंबा, काजू, कोकम यांची कलमे लावावीत. कोकमाच्या बियांपासून झालेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि ती फळत नाहीत; ते कळेपर्यंत कित्येक वर्षे गेलेली असतात. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात याच विद्यापीठाची, तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या आहेत. खात्रीची कलमे अशा संस्थांच्या रोपवाटिकांतून घ्यावीत. महिन्याचे, वर्षाचे आणि दशकाचे असे तीन प्रकार परसात शेजारी शेजारी असले, की वाट पाहण्यातही गोडी राहते.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि गुंज परसातून काढून टाकावी. कण्हेरीचा आणि बिट्टीचा विषारी अंश थेट हृदयावर परिणाम करतो. त्याऐवजी तुळस, मोगरा, सोनचाफा, गवती चहा लावावा. वासाने ओळख पटत राहते.

औषधांची पिशवी आणि परसाचे वेळापत्रक

बागकाम औषधांशी जुळवून घ्यावे लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात लवकर थकवा येतो. वयानुसार तहान कमी जाणवते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात पाणी प्यावे. हृदयाचा अशक्तपणा असणाऱ्यांसाठी हे प्रमाण निराळे असते. अकरा ते चार या वेळात उन्हात काम करू नये.

रक्त पातळ करणारे ‘वॉरफेरिन’ घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. परसात माठ आणि मायाळू भरपूर आली म्हणून रोज ताटभर पालेभाजी सुरू केली, तर रक्ताची चाचणी बिघडते. भाजी बंद करायची नाही. प्रमाण आठवड्या-आठवड्याला सारखे ठेवायचे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळी, शहाळे आणि पालेभाज्या यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्यांतील पोटॅशियम त्यांना घातक ठरू शकते. मधुमेहींनी परसात अनवाणी जाऊ नये. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. पाय रोज संध्याकाळी धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह तपासावेत.

गडग्यातले शेजारी

चिऱ्यांचे गडगे, लाकडांचे ढीग आणि पातेरा ही फुरसे, नाग, मण्यार, घोणस आणि विंचू यांची आवडती जागा. ढिगात थेट हात घालू नये. आधी काठीने हलवावे. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि जाड हातमोजे घालावेत, रात्री हातात विजेरी असावी. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू न देता सरळ रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात असते, ही चौकशी गावी पोहोचल्याच्या पहिल्या दिवशी करावी.

विंचवाबद्दल कोकण भाग्यवान आहे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडी आणि महाड येथे काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर ‘प्राझोसिन’ हे औषध कसे वापरावे, हे दाखवून दिले आणि एके काळी सर्रास होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मात्र हे औषध वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते; घरगुती उपायांत तास घालवू नयेत.

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे दिसताच डॉक्टरांना ‘चिखलात काम केले होते’ हे आवर्जून सांगावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. काजूच्या बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासावे, आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

काळजीवाहकांसाठी

कायमचा मुक्काम हलवण्यापूर्वी प्रत्येक ऋतूत पंधरा-पंधरा दिवस राहून पाहावे. डिसेंबरात गाव सर्वांनाच आवडते. खरी परीक्षा जुलैत होते. तीन-तीन दिवस वीज नसते, मोबाइलला रेंज नसते, ओढ्याला पाणी चढले की रस्ता बंद होतो. या दिवसांत गोळ्या किती उरल्या, डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, शेजारी कोण आले, याची नोंद ठेवावी. डायलिसिस, वारंवार बिघडणारे हृदय किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर कायमचे राहणे योग्य नव्हे. चांगल्या ऋतूत महिनाभर जाणे शक्य असते. महिनाभराची औषधे जादा ठेवावीत, १०८ क्रमांक आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत, घराचा पत्ता वळणांसह आधीच लिहून ठेवावा.

आणि एक गोष्ट मुलांनी सांभाळावी. पैसा आपला, धावपळ आपली, म्हणून निर्णयही आपलाच, असे होऊ देऊ नये. कमोडची उंची आणि पकडदांडी यांत तडजोड करू नये. पण भिंतीचा रंग, तुळशीवृंदावनाची जागा, जुन्या दाराचे काय करायचे आणि वाफ्यात काय पेरायचे, हे आई-वडिलांनीच ठरवावे. ज्या घरात सगळे सुरक्षित आहे पण आपले काहीच चालत नाही, त्या घरात वृद्ध माणूस पाहुण्यासारखा राहतो.

पंचाहत्तरीत लावलेल्या नारळाचे पाणी आपल्याला मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. तरीही कोकणातील माणसे त्या वयातही माड लावत आली आहेत. येत्या उन्हाळ्यात कौले उतरवायची असतील, तर त्या आधी एका कागदावर दोन याद्या कराव्यात. एकीत घराला काय हवे ते, दुसरीत आपल्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि हृदयाला काय हवे ते. दुसरी यादी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे, आणि गवंड्याला बोलावताना दोन्ही याद्या त्याच्या हाती द्याव्यात.